कवळीकाराने गाळलेलं वाक्य

नाटक लिहितो तो नाटककार, कादंबरी लिहितो तो कादंबरीकार, मग कवळ्या करतो तो कवळीकार का नाही, असा सासऱ्यांचा सवाल होता. लग्नात जावयाची ओळख करून देताना त्यांनी हा शब्द जो काढला तो त्याला कायमचा चिकटला. बायकोच्या नाटकमंडळींत तर ह्या माणसाला दुसरं काही नाव असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मेण तापवायचं, प्लास्टरचे जबडे घासायचे, वरची रांग खालच्या रांगेवर नीट बसते की नाही ते बघायचं, आणि आपल्या हातच्या दातांनी कुणीतरी कुठेतरी सुखाने जेवत असेल एवढ्या समाधानावर घरी यायचं, असा तो सरळमार्गी माणूस. चेहरा विसरेल, पण दात विसरायचा नाही.

बायकोचं काम आवाजाचं. कुरिअर कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर ती बसायची. कुणाचं पार्सल हरवलं, कुणाचं फुटलं, कुणाचं शेजारच्याने परस्पर लाटलं, आणि सगळ्यांच्या शिव्या मात्र हिने गोड आवाजात झेलायच्या. संध्याकाळी ती हौशी नाटकमंडळात जायची, कारण तिथे मनसोक्त ओरडता यायचं. दिवसभर गोड बोलून जीभ आळणी होते, असं तिचं म्हणणं होतं.

यंदाचं नाटक मंडळाच्या दिग्दर्शिकेने निवडलं. ती पूर्वी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची, त्यामुळे सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत आणि अजूनही तिच्यासमोर च्युइंगगम गिळून टाकत. नाटकाची गोष्ट बायकोने जेवताना सांगितली.

"म्हणजे ती नवऱ्याला सोडते?" कवळीकाराने विचारलं.

"नाही रे, तेच तर. कुणीच कुणाला सोडत नाही. तिचं नवऱ्यावर प्रेम आहे, आणि त्या दुसऱ्यावरही आहे."

"आणि नवऱ्याला माहितीये?"

"तीच सांगते त्याला, पहिल्याच प्रवेशात. लपवाछपवी काही नाही. मग दोघं मिळून ठरवतात, बघू या जमतंय का."

"दोघं मिळून?"

"हो."

कवळीकाराने घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावत बसला. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या लेकीला राहवलं नाही. "बाबा, त्याला पॉलिअ‍ॅमरी म्हणतात. राजीखुशीने करतात लोक."

"करतात तर करू देत. मी कुठे कुणाला अडवलंय?" तो म्हणाला, आणि तहान नसताना पेलाभर पाणी प्यायला.

आता ह्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. बायको आपली वाक्यं पाठ करायची ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, आणि समोरच्याची वाक्यं कवळीकार वाचायचा. आजवर त्याने खाष्ट सासू वाचली होती, फौजदार वाचला होता, आणि एका नाटकात तर खुनी आणि न्यायाधीश दोन्ही वाचून स्वतःच स्वतःला जन्मठेप दिली होती. ह्या वेळी वाट्याला आले नवरा आणि प्रियकर.

नवऱ्याची वाक्यं तो औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तशी वाचायचा. पण प्रियकराची! ती तो कुठून आणायचा ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. प्रियकराला काय, ना गळका नळ दुरुस्त करायचा, ना लेकीच्या परीक्षेची काळजी. पहिल्याच आठवड्यात एक वाक्य आलं, "तू हसतेस तेव्हा मी काय बोलत होतो तेच विसरतो." चष्मा नाकावर, पायात घरच्या सपाता, अशा अवस्थेत त्याने ते म्हटलं, आणि वाटाणे सोलता सोलता बायकोचा हात थांबला. तिचे कान लाल झाले.

"परत म्हण," ती म्हणाली.

"का? चुकलं?"

"नाही. म्हण."

त्याने परत म्हटलं. त्या दिवशी तो एकदम खुशीत होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मेण तापवताना त्याच्या डोक्यात आलं, की ते कान लाल झाले ते कुणासाठी? वाक्य काही आपलं नाही. रंगमंचावर ते म्हणणार प्रियकराचं काम करणारा तो पोहण्याचा मास्तर. तिच्या डोळ्यांसमोर त्या वेळी तोच असणार! आणि मास्तर म्हणजे खांदे दारात न मावणारे, वय पस्तिशीच्या आत, आणि दात असे की कवळीकाराला पहिल्या भेटीत नमस्कार करायचंही भान राहिलं नव्हतं. वरचे समोरचे चार तर नमुन्यादाखल काचेच्या कपाटात ठेवावेत असे. देवाने एकेका माणसाला किती द्यावं, ह्याला काही सुमार?

इथपर्यंत ठीक होतं. मत्सर झाला तरी असा मत्सर माणूस भाजीबरोबर खाऊन टाकतो. त्याचं घोडं अडलं ते शेवटच्या प्रवेशात.

शेवटच्या प्रवेशात प्रियकर पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला येतो. दाराशी उभा राहतो. बायको दाराकडे जाते, थांबते आणि नवऱ्याकडे वळून बघते. नवरा म्हणतो, "मला भीती वाटते. पण तू उघड." ती विचारते, "तू इथेच थांबशील ना?" तो म्हणतो, "इथेच आहे." मग ती दार उघडते, प्रियकर हसतो, आणि पडदा.

तर ते "मला भीती वाटते, पण तू उघड" काही केल्या कवळीकाराच्या तोंडून निघेना. पहिल्या दिवशी त्याला खोकला आला. दुसऱ्या दिवशी गॅसवरचं दूध बघायला तो उठला. तिसऱ्या दिवसापासून त्याने सोपी वाट काढली. त्या जागी तो नुसतं घशातल्या घशात "हं" करायचा. बायकोला वाटलं, हा कंटाळलाय. तिनेही मनावर घेतलं नाही. त्याने "हं" केलं की तिने "तू इथेच थांबशील ना?" म्हणायचं, अशी गाडी दोन महिने रुळावर चालली.

का निघत नव्हतं? कारण नाटकातलं दुसरं एक वाक्य बायकोला पहिल्याच आठवड्यात, कागदाकडे न बघता पाठ झालं होतं. "तुझ्यावरचं माझं काही कमी झालेलं नाही रे, पण आणखी एक आलंय." बाकी सगळ्या वाक्यांना ती दहा दहा वेळा अडखळायची. हे एवढंच पाण्यासारखं वाहायचं. कवळीकाराला तिथे दर वेळी प्रश्न पडायचा. हिला हे असं कधी खरंच झालं असेल का? विचारायला काय जातंय, असं तुम्ही म्हणाल. विचारायला काहीच जात नव्हतं हो, पण उत्तर आलं तर? आणि आपण तोंडाने "उघड" म्हणून बसलो, आणि ती खरंच कुणासाठी तरी इतकी वर्षं हात कडीवर ठेवून उभी असेल तर? त्यापेक्षा "हं" बरं.

हॉलमधल्या तालमींत हे कधी उघडकीला आलं नाही. तिथे नवऱ्याच्या कामाला विमा कंपनीतला एक गृहस्थ होता. विमा विकून विकून त्याला थांबायची सवयच नव्हती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तो आपलं वाक्य गळ्यात मारायचा. प्रयोगाच्या आदल्या तालमीला बाईंनी त्याला धरलं. "अहो, पॉलिसी विकताय का? 'मला भीती वाटते'च्या आधी थांबा. प्रेक्षकांना घाम फुटेपर्यंत थांबा." विमावाल्याने मान डोलावली, आणि पुढच्या सगळ्याला तिथून सुरुवात झाली.

पहिला प्रयोग शनिवारी दुपारी होता. कवळीकार आणि लेक चौथ्या रांगेत बसले होते. नाटक छान रंगलं. शेवटच्या प्रवेशात बायको दारापाशी गेली, थांबली, वळली. विमावाला थांबला. आणि काय थांबला! प्रेक्षकांना घाम फुटला, बाईंना विंगेत फुटला. इतकं थांबल्यावर त्याचा घसा कोरडा पडला असावा. बोलायच्या आधी त्याने तो जरा मोकळा केला.

"हं."

"तू इथेच थांबशील ना?" बायको म्हणाली.

विमावाल्याची दातखीळ बसली. त्याचं आयुष्यातलं एकमेव गाजणारं वाक्य तोंडाशी आलेलं असताना कुणीतरी खाऊन टाकलं होतं. त्याने कसंबसं "इथेच आहे" म्हटलं. चौथ्या रांगेत कवळीकार पांढरा पडला, कारण हे कशामुळे झालं ते सगळ्या हॉलमध्ये त्या एकट्यालाच कळलं होतं. बायकोने दार ढकललं.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. आत उघडायला रंगमंचावर जागाच नव्हती. दारामागे मास्तर फुलं घेऊन उभा होता. अजून एक वाक्य बाकी आहे अशा भरवशावर त्याने ऐकण्यासाठी तोंड फटीपाशी आणलं होतं. धाडकन आवाज झाला. मग काही क्षण काहीच झालं नाही. मग मास्तर आत आला, फुलं एका हातात, दुसरा हात तोंडावर. पण मुलगा नाटकाचा पक्का. संहितेत लिहिलंय, प्रियकर हसतो. त्याने हात काढला आणि तो हसला. वरच्या दातांच्या मधोमध काळी खिडकी होती.

पडदा पडला. आधी सन्नाटा, मग हशा, आणि मग टाळ्याच टाळ्या. मागच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "बघ, नवऱ्याला बोलू न देता उघडलं की असं होतं." त्यांच्या पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "फारच प्रतीकात्मक." लेक बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही का असे पांढरे पडलात?"

आत रंगपटात बायको रडत होती, बाई येरझाऱ्या घालत होत्या, आणि विमावाला जो भेटेल त्याला आपलं राहिलेलं वाक्य म्हणून दाखवत होता. मास्तर तेवढा शांत होता. "ताई, रडताय काय? तो खोटाच होता," तो म्हणाला. प्रत्येक शब्दामागून हवा निसटत होती. "लहानपणी तलावाच्या काठावर आपटलो होतो. हे बघा ना भावोजी, सापडला." त्याने मूठ उघडली. खोट्या दाताचे दोन तुकडे होते.

कवळीकाराने ते तळहातावर घेतले. ज्या दातांपायी आपण दोन महिने झुरलो, त्यातला सगळ्यात ठळक दात कुणीतरी आपल्यासारखंच लॅबमध्ये वाकून बसून केलेला होता. आणि आपल्याला तो ओळखू आला नाही! बायकोचं राहू दे बाजूला, ही जखम वेगळीच होती. काम मात्र सुरेख होतं, ते त्याला मान्य करावं लागलं.

"उद्या संध्याकाळच्या प्रयोगाला नवा देतो," तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

रविवारी सकाळी लॅबच्या पुढे असलेल्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुट्टी असूनही येऊन मास्तरच्या दातांचं माप घेतलं, दुपारी दात बसवून द्यायचं कबूल केलं आणि त्या घरी गेल्या. मास्तर पोरांचा पोहण्याचा वर्ग उरकून परत येणार होता, कारण दाताचा रंग भर उजेडात शेजारच्या दाताशी लावून बघावा लागतो. लॅबमध्ये उरला कवळीकार, आणि बरोबर आलेली बायको. एकदा तो प्रवेश म्हणून बघू, असं तिचं म्हणणं होतं. तिचे डोळे सुजले होते.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर प्लास्टरच्या जबड्यांच्या जोड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर. खिडकीखाली कवळीकाराचं टेबल, त्यावर मेणाची सुरी, मेण तापवायची छोटी चिमणी, आणि रंग जुळवायला तऱ्हेतऱ्हेच्या पांढऱ्या दातांची छटापट्टी. तो मेणाचा दात कोरत होता. ती स्टुलावर बसली होती.

"मी इतकी वर्षं काम करतेय," ती म्हणाली. "समोरच्याचं वाक्य कधी खाल्लं नाही. काल असं कसं झालं? त्याने घसा खाकरला काय आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. जशी काही तीच खूण होती."

कवळीकाराने सुरी खाली ठेवली. वाटलं, अजूनही गप्प बसता येईल. ती स्वतःला दोष देत राहील, आज संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून वाक्याची वाट बघेल आणि सगळं सुरळीत होईल. पण तिचे सुजलेले डोळे त्याला बघवेनात.

"तीच होती खूण," तो म्हणाला. "मीच लावली ती तुला."

"म्हणजे?"

"घरी ते वाक्य मी कधी म्हटलंच नाही गं. एकदाही नाही. त्या जागी नुसतं हं करायचो."

तिच्या डोक्यात दोन महिन्यांची स्वयंपाकघरं मागे मागे जात असावीत.

"मला वाटलं, तू कंटाळलायस! म्हणजे दोन महिने तू मला खोटी खूण शिकवलीस? आणि मी त्या बिचाऱ्याचा दात पाडला?"

"दात मी पाडला. तू फक्त दार उघडलंस."

तिला हसावं की ह्याच्या डोक्यात एखादा जबडा घालावा ते कळेना. "पण का नाही म्हटलंस? प्रियकराची तर कसली भारी म्हणायचास!"

"ती सोपी होती. हे जमेना." त्याने चष्मा काढून उगाचच पुसला. "मला वाटायचं, मी उघड म्हणायचं आणि तू खरंच कुणासाठी तरी थांबलेली असशील तर. ते 'आणखी एक आलंय' तुला किती पटकन पाठ झालं." चष्मा पुसून झाला होता, तरी तो पुसत राहिला. "तुला कधी असं वाटलंय का? नाटकातल्यासारखं?"

तिने "नाही" म्हटलं असतं तर ह्याचा जीव भांड्यात पडला असता, दात तासाभरात झाला असता आणि दोघं जेवायला घरी गेली असती. पुष्कळ चांगल्या बायकांनी आणि नवऱ्यांनीही असं म्हटलेलं आहे, आणि त्यांच्या संसारांचं काही वाईट झालेलं नाही. ती म्हणणारही होती.

"वाटलंय," ती म्हणाली. "एकदा."

कवळीकाराने टेबलाची कड धरली.

"लेक शाळेत होती तेव्हा. एका माणसाचं पार्सल हरवलं होतं. आईसाठी कानाचं यंत्र मागवलं होतं त्याने. मी ते शोधून काढलं. मग तो आभार मानायला फोन करायचा. मग आईला आज काय नवीन ऐकू आलं ते सांगायला. मी त्या फोनची वाट बघायला लागले. त्याला कधी पाहिलं नाही, कुठे भेटले नाही, भेटायचं मनातही आलं नाही. पण वाट बघायचे, हे खरं. एक दिवस फोन आला, की आई गेली. त्यानंतर फोन नाही आला. त्या दिवशी मी घरी येऊन रडले."

"तू म्हणालीस डोकं दुखतंय."

"आणि तू माझ्या कपाळाला बाम चोळत बसलास." तिचा आवाज ओला झाला. "मला तेव्हाच सांगायचं होतं रे. मला काहीही झालं ना, की आधी तुला सांगावंसं वाटतं. बसमध्ये कुणी भांडलं तरी कधी एकदा घरी येऊन तुला सांगते असं होतं. आणि हीच एक गोष्ट अशी, की सगळ्या जगात फक्त तुला सांगावीशी वाटत होती आणि तुलाच सांगता येत नव्हती. तो फोन बंद झाला त्यापेक्षा ह्याचा त्रास जास्त झाला मला."

कवळीकाराला लागलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच लागलं. ज्याला चेहरा नाही, ज्याचे दातसुद्धा बघायला मिळायचे नाहीत, अशा माणसाचा मत्सर करायचा तरी कसा?

"माझ्यावरचं कमी झालं होतं का तेव्हा?" त्याने विचारलं.

"वेडा आहेस का? थोडं वाढलंच होतं. मी आनंदात असायचे ना. तुझ्या वाढदिवसाला घरभर माणसं बोलावली होती ते वर्ष आठव. ते तेच वर्ष."

त्याला आठवलं. तो वाढदिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वाढदिवस होता. हे कुठे ठेवायचं ते त्याला कळेना.

"आणि मास्तर?"

"मास्तर गुणी पोरगा आहे. पण तो ते 'तू हसतेस तेव्हा' कसं म्हणतो माहितीये? पाण्यात उडी मारायच्या आधी पोरांना सूचना द्यावी तसं. मी तिथे मनात तुझा आवाज लावते. मग माझे कान लाल होतात, आणि बाई मास्तरला म्हणतात, शाब्बास."

कवळीकाराने मान खाली घातली, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही. मग अगदी खरोखरच्या कुतूहलाने त्याने विचारलं, "त्या आईला काय काय ऐकू यायला लागलं होतं?"

ती चमकली. असं काही तो विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. मग ती डोळे पुसता पुसता हसायला लागली. "तिला म्हणे पहिल्यांदा कळलं, की आपला मुलगा आंघोळ करताना गातो. आणि फार वाईट गातो. तिने यंत्र काढून ठेवलं दोन दिवस."

कवळीकारही हसला. फळीवरचे जबडे तर पहिल्यापासूनच हसत होते. इतकी वर्षं ही गंमत तिने एकटीने सांभाळली होती, आणि गंमत खरंच चांगली होती. आपल्याला आणखी किती गमती कळल्या नसतील, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःच्या त्या "हं"ची लाज वाटली.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "पण तू सांगत जा."

"वाक्य असं नाहीये."

"माहितीये."

तेवढ्यात दाराच्या खरखरीत काचेवर एक रुंद सावली पडली आणि लगेच मागे सरकली.

"ताई!" बाहेरून मास्तरची हाक आली, निसटत्या हवेसकट. "उघडायच्या आधी सांगा हं! मी लांब उभा आहे!"

बायको उठली. दाराकडे गेली, कडीवर हात ठेवला. सवयीनेच असेल, पण ती थांबली आणि तिने वळून बघितलं. टेबलाशी कवळीकार बसला होता, चष्मा कपाळावर, बोटांना मेण. समोर नाटक नव्हतं, हॉल नव्हता, बाई नव्हत्या. तो थोडा थांबला. घसा कोरडा पडला होता, पण त्याने तो मोकळा केला नाही.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "पण तू उघड."

आणि ती, जी आजवर रंगमंचावर स्वतःचं एक वाक्य कधी विसरली नव्हती, ती विसरली. नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"पुढचं तुझं आहे," त्याने हळूच आठवण केली.

"माहितीये. जरा थांब की."

बाहेर मास्तरने पाय बदलले. आत दोघंही थांबली.

"तू इथेच थांबशील ना?" शेवटी तिने विचारलं.

"इथेच आहे," तो म्हणाला. "अजून दात व्हायचाय."

"मास्तर, आणखी थोडे मागे व्हा," ती बाहेर ओरडली, आणि तिने दार उघडलं.